वाचकांचे प्रश्न: घराच्या मधोमध ओढलेली रेघ

गेल्या अंकात 'संसारम अदु मिन्सारम' या १९८६ सालच्या तमिळ पिक्चरवर थोडंसं लिहिलं होतं, आणि त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरीकडनं इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. अम्मैयप्पन मुदलियार हा साधा नोकरदार बाप, बायको गोदावरी, तीन मुलगे, एक मुलगी, थोरली सून उमा आणि घरकामाला येणारी कण्णम्मा. थोरला मुलगा चिदंबरम पैशाला पक्का. उमा बाळंतपणाला माहेरी गेलेली असते तेव्हा हा म्हणतो, माझी बायको आता इथं जेवत नाही, मग घरखर्चाला पहिल्याएवढे पैसे मी का देऊ? त्यावरनं भावाभावांत जुंपते, बाप त्याला म्हणतो घरातनं बाहेर हो, तो म्हणतो घराला घातलेले माझे पैसे आधी टाका मग जातो, आणि मग बाप घराच्या मधोमध रेघच ओढतो. पलीकडं तू, अलीकडं आम्ही. उमा बाळाला घेऊन परत येते ती या रेघेवर, आणि पुढचा सगळा पिक्चर ती ते घर कसं जोडते याचा आहे.

आता पत्रं.

शहापूर, बेळगावच्या एक ताई विचारतात: आम्ही 'ओन्दे गूडिन हक्किगळु' कन्नड चॅनेलवर बघितलेला, आणि रेखाचा 'संसार' पण. दोन्हीत तेच घर, तीच भांडणं. मग खरी गोष्ट कुणाची, कन्नडची का हिंदीची का तमिळची?

तमिळची ताई, आणि त्याच्याही आधी ती नाटकाची आहे. विसू म्हणून मद्रासचे नाटककार होते, पिक्चरमधला बाप म्हणजे तेच, लिहिलंय पण त्यांनी आणि डायरेक्शनही त्यांचंच. त्यांचं 'उरवुक्कु कै कोडुप्पोम' हे नाटक होतं, त्याच नावाचा पिक्चर १९७५ साली येऊन गेला, पण तेव्हा त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. अकराएक वर्षांनी तीच गोष्ट ए.व्ही.एम. कंपनीनं परत हातात घेतली, आणि या वेळी ती अशी लागली की पुढच्या दोन वर्षांत चार भाषांत गेली: १९८७ ला तेलुगूत 'संसारम ओक चदरंगम', त्याच वर्षी तुमचा कन्नड 'ओन्दे गूडिन हक्किगळु' आणि टी. रामारावांचा हिंदी 'संसार', ज्यात रेखा, राज बब्बर आणि बापाच्या कामात अनुपम खेर, आणि १९८८ ला मल्याळममध्ये 'कुटुंबपुराणम', तिथं बाप तिलकन. मूळ तमिळला त्या वर्षीचं निखळ मनोरंजन देणाऱ्या लोकप्रिय पिक्चरचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि हे पारितोषिक मिळवणारा तो पहिला तमिळ पिक्चर.

मूळ पिक्चरमधली उमा म्हणजे लक्ष्मी, आपल्याकडं तिला 'ज्युली' म्हणून ओळखतात, १९७५ च्या त्या हिंदी पिक्चरमुळं. चिदंबरम म्हणजे रघुवरन, नागार्जुनच्या 'शिवा'मधला तो थंड डोक्याचा भवानी. दोघांना या रूपात बघितलं की बरं वाटतं, कारण आपल्याकडं त्यांची ओळख एकेका पिक्चरपुरतीच राहिली. एवढी माणसं एका घरात असूनसुद्धा कुणीच हिरो नाही आणि कुणीच व्हिलन नाही, हे मला त्या काळच्या मानानं फार मोठं वाटतं.

निपाणीचे एक निवृत्त गुरुजी लिहितात: पिक्चर जवळजवळ सगळा घरातच घडतो. ना फॉरेन, ना मारामारी. तरी अडीच तास माणूस हलत नाही. हे बनवलं कसं असेल? ए.व्ही.एम. ही कंपनी नेमकी कुठली?

गुरुजी, तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण या पिक्चरबद्दल लोक रडू किती आलं एवढंच बोलतात, बांधणीबद्दल कुणी बोलत नाही.

आधी कंपनीचं. ए. व्ही. मैय्यप्पन यांच्या नावानं ए.व्ही.एम., सुरुवात १९४५ ची, नंतर मद्रासला कोडंबाक्कम भागात स्टुडिओ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ए.व्ही.एम.चे पिक्चर नाव न कळता बघितलेत. 'चल उड जा रे पंछी' हे गाणं ज्या 'भाभी' (१९५७) मधलं तो ए.व्ही.एम.चा, आणि तो पण एका तमिळ कौटुंबिक पिक्चरवरनंच केलेला. मीनाकुमारीचा 'मैं चुप रहूंगी' (१९६२) ए.व्ही.एम.चा, त्याचं मूळ 'कळत्तूर कण्णम्मा' (१९६०), ज्यात कमल हासन एवढासा पोरगा म्हणून पहिल्यांदा पडद्यावर आला. डॉ. राजकुमारांना हिरो करणाऱ्या 'बेडर कण्णप्प' (१९५४) च्या मागं सुद्धा गुब्बी वीरण्णांच्या बरोबरीनं ए.व्ही.एम. होती. त्या काळात कन्नड पिक्चर मद्रासलाच व्हायचे, बेंगळूरला स्टुडिओचा जम नंतर बसला. म्हणजे घरगुती गोष्ट उचलायची, ती एका भाषेत घासूनपुसून घ्यायची आणि मग दुसऱ्या भाषेत न्यायची, हा त्या कंपनीचा तीस-चाळीस वर्षांचा धंदा होता. कुठला प्रसंग कुठल्याही घरात चालेल आणि कुठला फक्त मद्रासच्याच घरात चालेल हे त्यांना बरोबर कळायचं.

आता विसू. मद्रासला सभांची, म्हणजे गाण्या-नाटकाचे कार्यक्रम करणाऱ्या तिथल्या मंडळांची नाटकं म्हणून एक मोठी परंपरा आहे, दिवसा ऑफिसात नोकरी करणारी माणसं संध्याकाळी नाटकं करायची, के. बालचंदर सुद्धा अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात नोकरी करत करतच नाटककार झाले. विसू त्याच वातावरणातले, वाय. जी. पार्थसारथींच्या नाटक मंडळीत तयार झालेले आणि मग बालचंदरांच्या हाताखाली गेलेले. आपल्या अमोल पालेकरांचा 'गोलमाल' तमिळमध्ये रजनीकांतला घेऊन 'तिल्लु मुल्लु' (१९८१) झाला, त्याचं लिखाण विसूंचं. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी चालू होता.

नाटकवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की स्टेज बदलता येत नाही, तर माणसांची जागा बदलायची. हा पिक्चर परत बघताना फक्त एवढंच बघा, कोण कुठं उभंय. रेघ ओढायच्या आधी त्या घरात माणसं एकमेकांच्या अंगावरनं जातात येतात, कुणी जेवतंय तर कुणी त्याच्या मागनं काहीतरी काढतंय, आणि रेघ पडल्यावर त्याच जागेत अचानक प्रत्येकजण पाय बघून टाकायला लागतो. बाप बोलतो ते बोलतोच, पण खरं काम ती रेघ करते. त्यासाठी भिंत बांधली असती तर तो परिणाम आलाच नसता, कारण भिंतीपलीकडचं दिसत नाही आणि रेघेपलीकडचं सगळं दिसतं, थोरला एकटा बसलेला, त्याचं ताट, आणि आई इकडनं बघणारी. आपल्याकडं गल्लीतल्या लांबड्या घरांच्या वाटण्या ज्यांनी बघितल्यात, सोप्यातनं मधे भिंत घातलेली, एकाच्या वाट्याला देवघर आलेलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला परड्यातली विहीर, त्यांना हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, भांडण कशावरनं लावलंय ते बघा. जमीन नाही, दागिना नाही, परकी बाई नाही. दर महिन्याच्या घरखर्चाचे पैसे. कोण किती देतो आणि कोण किती खातो. विसूंनी सगळ्यात बारीक कारण निवडलं आणि ते बारीक आहे म्हणूनच प्रत्येक घराला लागू पडलं. दुसरा मुलगा आणि त्याची नवी बायको, त्यांना त्या गर्दीच्या घरात दोन मिनिटं एकांत मिळत नाही आणि ती वैतागून माहेरी निघून जाते, हे सुद्धा असंच, कुणाचाच दोष नाही, घर लहान आहे. धाकटा बारावीला परत परत नापास होतोय. मुलगी आपल्या पसंतीनं ख्रिश्चन घरात लग्न करते आणि रागाच्या भरात तिथनं परत येते. चार पोरं, चार गाठी, आणि उमा एकेक गाठ वेगळ्या पद्धतीनं सोडवते, कुठं गोडीनं, कुठं युक्तीनं, कुठं गप्प बसून. भाषणानं एक पण सुटत नाही, हे ध्यानात घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे कण्णम्मा. गोष्ट फार जड होतीय असं ए.व्ही.एम.चे प्रोड्युसर सरवणन यांना वाटलं आणि त्यांच्या सांगण्यावरनं घरकामाच्या बाईचं पात्र वाढवण्यात आलं, आणि ते दिलं मनोरमाला. हजारापेक्षा जास्त पिक्चरमध्ये काम केल्याबद्दल जिचं नाव गिनीज बुकात गेलं तीच मनोरमा. मुलीच्या सासऱ्याला, त्या अल्बर्ट फर्नांडिसला, वळणावर आणायला तिनं जो खोट्या भांडणाचा धुरळा उडवलाय, समोरच्याला सारखं सारखं गप्प रहा म्हणून दटावत, तो प्रसंग तमिळनाडूत लोकांना अजून तोंडपाठ आहे. (तो सासरा म्हणजे किश्मू, विसूंचा सख्खा भाऊ.) हसवायसाठी आणलेलं पात्र, पण लिहिणाऱ्यानं तिला नुसती हसवायला ठेवली नाही, घराच्या वाटणीत जिचा एक पैशाचा हिस्सा नाही अशी ती एकटी आहे, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना ती सरळ वावरते. प्रोड्युसरनं एक व्यवहारी सूचना करायची आणि लेखकानं ती गोष्टीच्या पोटात घालायची, पिक्चर बनवणं म्हणजे मला वाटतं हेच.

हुक्केरी तालुक्यातल्या एक वैनी लिहितात: मी पण मोठ्या घरातली थोरली सून. शेवट मला पटला नाही. सगळं घर जोडून झाल्यावर उमा नवऱ्याला घेऊन वेगळं राहायला निघते. मग एवढा आटापिटा कशाला केला? आणि आमच्या सासूबाई म्हणाल्या, बघ, शेवटी सूनच घर फोडते.

वैनी, तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं.

उमा घर फोडत नाही. घर फुटलं तेव्हा ती तिथं नव्हतीच, बाळंतपणाला गेली होती. फोडलं ते तिच्या नवऱ्याच्या हिशोबानं आणि सासऱ्याच्या रागानं, दोघंही पुरुष, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत अशी खात्री असलेले. तिनं येऊन काय केलं तर दिराची बायको परत आणली, नणंदेचा संसार सावरला, धाकट्याला पास करवलं, आणि शेवटी नवऱ्याला त्याची चूक त्याच्याच तोंडानं कबूल करायला लावली. म्हणजे हे घर एकत्र ठेवायची ताकद जर कुणात असेल तर ती तिच्यात आहे हे अडीच तासांत सिद्ध करून झाल्यावर ती म्हणते, आता आम्ही वेगळं राहतो, सणावाराला येऊ, प्रेमानं येऊ, पण एका छताखाली नको. एकदा रेघ पडलेली सगळ्यांनी बघितलीय. उद्या परत कुणी कमीजास्त बोललं तर ती रेघच आधी आठवणार.

हे सहन न होऊन सोडून जाणं नाही. जिला जमत नाही ती सोडून जाते तेव्हा लोक तिला नावं ठेवतात, इथं जिला सगळं जमतं ती जातेय. म्हणून शेवट चुकला असं मला अजिबात वाटत नाही, उलट त्या शेवटासाठीच हा पिक्चर उभा आहे. त्या काळातले बहुतेक कौटुंबिक पिक्चर, तमिळ घ्या, हिंदी घ्या, आपले मराठी घ्या, शेवटी सगळ्यांना एका फोटोत उभं करतात आणि पडदा पाडतात. बघणाऱ्याला बरं वाटतं पण घरी गेल्यावर त्याच्या घरात तो फोटो निघत नाही. विसूंनी समोर तयार असलेला तो फोटो घेतला नाही, आणि व्यापारी कंपनीनं पण त्यांना तो घ्यायला लावला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. आणि हा निर्णय बापाच्या किंवा मुलाच्या तोंडी न घालता सुनेच्या तोंडी घातलाय. घरातली सगळ्यांची दुखणी तिनं काढली, मग पुढं कसं राहायचं हे सांगायचा हक्क पण तिचाच.

तुमच्या सासूबाईंना एक सांगा, पिक्चरमधली गोदावरी सुनेला शिव्या देत नाही. ती रडते, पण सून का जातेय ते तिला कळतं. वेगळी चूल मांडली म्हणजे नातं तुटलं असं आपल्याकडं धरून चालतात, आणि त्यापायी कित्येक भाऊ एकाच गल्लीत राहून, एकाच बोअरचं पाणी भरून, वर्षानुवर्षं एकमेकांच्या तोंडाकडं बघत नाहीत. चांगल्या मनानं वेळेवर वेगळं झाले असते तर दिवाळीला एकत्र बसून फराळ तरी केला असता. तुमच्या घरात काय करायचं हे मी सांगणार नाही, ते तुम्हीच जाणता, पण शेवटची वीस मिनिटं सासूबाईंना शेजारी बसवून परत एकदा बघा, आणि त्या उमाकडं न बघता गोदावरीकडं बघतील असं करा. हे काम कमला कामेश या अभिनेत्रीनं केलंय, बोलणं कमी आणि तोंडावर सगळं.

बेळगाव कॅम्पातनं एक वाचक: भावाबहिणीवरचा एखादा असाच जुना तमिळ पिक्चर सांगा.

'पासमलर' (१९६१), ए. भीमसिंग यांचा. शिवाजी गणेशन भाऊ, सावित्री बहीण. त्यावरनं हिंदीत 'राखी' (१९६२) निघाला, तो पण भीमसिंग यांनीच केला, अशोक कुमारांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. गाणी विश्वनाथन-राममूर्तींची, 'मलर्न्दुम मलराद' एवढं एक ऐकलंत तरी पुरे. रुमाल मात्र जवळ ठेवा, तिथं उमासारखी सोडवणूक नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका युवक मंडळाचं पत्र: आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक असतं. या वेळी हीच गोष्ट मराठीत करायचा विचार आहे. परवानगी लागते का? आणि आमच्यासारख्यांना जमेल का?

पोरांनो, जमेल, पण आधी परवानगीचं नीट समजून घ्या. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. विसू २०२० च्या मार्चमध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०८० पर्यंत त्यांच्या वारसांकडं किंवा ज्यांनी तो विकत घेतला त्यांच्याकडं राहणार. हौशी मंडळानं तिकीट न लावता, किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी नाटक केलं तर कायद्यात सवलत आहे, पण ती नाटक सादर करण्यापुरती. तमिळवरनं मराठीत उतरवून घेणं, त्यातले संवाद प्रसंगासकट उचलणं ही वेगळी गोष्ट, त्याला मालकाचं लेखी हो पाहिजे. कंपनीला रीतसर पत्र टाका, काय करणार, कुठं करणार, तिकीट नाही, एवढं स्वच्छ लिहा.

उत्तर आलं नाही तर तुमचं स्वतःचं लिहा, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडेल. घराच्या वाटणीवर कुणाची मालकी नाही. तुमच्या तालुक्यात किती घरांत उताऱ्यावर चार नावं आहेत आणि राहणारा एकच आहे, एक भाऊ गोव्याला कामाला, एक पुण्यात, एक गावात शेती बघणारा, आणि आईचं औषधपाणी कुणी करायचं यावरनं फोनवर भांडणं, हे तुमच्याएवढं मद्रासच्या लेखकाला ठाऊक असणार आहे का. विसूंकडनं घ्यायचं ते त्यांची पद्धत. एकच घर, एकच सेट, कारण बारीक, आणि प्रत्येक पात्राला स्वतःचं बरोबर वाटलं पाहिजे. थोरल्या भावाला खलनायक करू नका. रघुवरन बघा, आवाज चढवत नाही, हिशोब मांडतो तेव्हा तो हिशोब ऐकणाऱ्याला पण खरा वाटतो, म्हणूनच राग येतो. जत्रेत मागं बसलेल्याला ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय असते, या एका पात्राला ती सवय लावू नका, माईक नीट लावा.

मुलीच्या सासरचं फर्नांडिस आडनाव तर तुमच्या तालुक्याला मुळीच परकं नाही, तेव्हा ते घर टिंगलीसाठी वापरू नका, शेजारच्या घरासारखं दाखवा. घरकामाच्या बाईचं काम गावातल्या खरोखर चांगलं बोलणाऱ्या बाईला द्या, पुरुषाला लुगडं नेसवून नको. तालीम सुरू करताना पहिल्या दिवशी संवाद पाठ करायला बसू नका, फरशीवर पट्टी चिकटवा आणि सगळ्यांना तासभर नुसतं त्या घरात वावरू द्या, कोण पट्टी ओलांडतं आणि कोण थांबतं ते बघा, अर्धं नाटक तिथंच बसेल. संहिता लिहून झाली की पाठवा, वाचून सांगतो. जत्रेची तारीख पण कळवा.